चमचाभर तेल

भंगारवाल्याने बाबांच्या जुन्या टॅक्सीला दोर बांधलासुद्धा होता. गाडी तेल पिते, चढावर धापा टाकते; पिस्टनच्या रिंगा झिजल्या, इंजिनात राम नाही, असं सगळे म्हणत होते. मेकॅनिक लेकीने कडेवरचं बाळ भंगारवाल्याच्याच हातात दिलं. दाब कमी पडणाऱ्या सिलिंडरमध्ये तिने औषधाच्या चमच्याने तेल ओतलं, दाबाचं मीटर पुन्हा बसवलं. "अगं, तो बाळाचा चमचा," बाबा म्हणाले. "चमचा नवा मिळेल. स्टार्टर मारा." काटा मघाच्याच आकड्यावर थांबला. बाबांचा चेहरा उतरला. "संपलं गं." "उलट, वाचली. रिंगा झिजल्या असत्या, तर तेलाने फट भरून काटा चढला असता. रिंगा ठणठणीत आहेत, दुखणं फक्त वरच्या व्हॉल्व्हचं. आठवड्यात चालवाल." भंगारवाला बाळाला खेळवण्यात गुंग होता. "काका, बाळ द्या इकडे," ती चमचा पुसत म्हणाली, "आणि तेवढा दोर सोडा."