पदरचा मसाला

आत्मारामपंतांचं पत्र श्रीपादने जिन्यातच फोडलं आणि पायरीवर बसून दोनदा वाचलं. पंत पुण्यात मासिक चालवत.

'व्होक्लेरच्या कादंबरीचे आठ हप्ते वाचकांनी डोक्यावर घेतले,' पंतांनी लिहिलं होतं. 'पण फ्रेंच शिकवणाऱ्या वसुधाबाईंचं पत्र आलंय. त्या म्हणतात, व्होक्लेर चिमटे काढतो, असा सोलून काढत नाही. भाषांतरकाराने पदरचा मसाला घातलाय. कोटाच्या प्रकरणातल्या मूळ पानाचा फोटो पाठवा. महिनाभरात आला नाही, तर दिलगिरी छापावी लागेल, तुमच्या नावासकट.'

पुण्यात फ्रेंच येणारी माणसं मोजकी, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की फ्रान्स आपल्या तीर्थरूपांनी वसवलं. श्रीपादला फ्रेंच येत नव्हतं. ते त्याने पंतांना पहिल्याच पत्रात कळवलं होतं. घरमालकीण फ्रेंच पुस्तक समोर धरून जर्मनमध्ये सांगते, मी मराठीत उतरवतो. पण शब्द पदरचा एकही नाही. तो डॉक्टरेटसाठी पोलादाच्या कांबी मोडत होता. जे मोजलं तेच लिहायचं, एवढाच त्याचा धर्म.

घर जर्मनीत, बाड हॉम्बुर्गच्या अलीकडच्या एका लहान गावात होतं. साल १९५८. दर रविवारी दुपारी घरमालकीण, फ्राऊ लिंडनर, त्याला कॉफीला बोलवायच्या. खिडकीबाहेर चेस्टनटचं झाड होतं. त्याच्या पानांतून गाळलेला उजेड खोलीभर पाण्यासारखा हलायचा. त्या उजेडाकडे पाठ करून म्हातारी बसायची, खाकी कव्हर घातलेलं पुस्तक मांडीवर, आवाज संथ. श्रीपादला वाटायचं आपण तळ्याच्या तळाशी बसलोय आणि वरून कुणीतरी गोष्ट सोडतंय.

गोष्ट मात्र झोप उडवणारी होती. एका फ्रेंच गावाचा नगराध्यक्ष दोन्ही बाजूंनी घालता येईल असा कोट शिवून घेतो. राज्य बदललं की कोट उलटा करतो. गाव टाळ्या वाजवतं आणि शिंप्याला तुरुंगात टाकतं, कारण आतली शिवण फक्त त्याने पाहिलेली असते.

"त्यातला थरथरत्या हाताचा औषधवाला," श्रीपाद एकदा म्हणाला, "अगदी आपल्या कोपऱ्यावरच्यासारखा आहे."

"औषधवाले सगळीकडे सारखेच, श्रीयुत सबनीस."

"आणि तुम्ही पान फार उशिरा उलटता. एका पानात एवढं मावतं?"

"हो, फ्रेंच भाषा दाट असते. कॉफी घ्या."

पानंही जाड दिसायची, पुठ्ठ्यासारखी. फ्रेंच कागद असाच असेल, म्हणून त्याने सोडून दिलं. आपल्याकडे पुस्तक येतं ते कडा कापून.

टेबलावर हाडाची एक सुरी असायची. ती कशाला, हे त्याने पहिल्याच रविवारी विचारलं होतं.

"फ्रेंच पुस्तकं दुमडलेल्या पानांची येतात. वाचणारा कडा कापत कापत पुढे जातो. माझे यजमान कापायचे तेव्हा सतरंजीवर कागदाचा चुरा पडायचा. मी रागवायची."

यजमान शाळेत फ्रेंच शिकवत. त्रेचाळीस साली कुणीतरी त्यांच्याविषयी चिठ्ठी लिहिली, दोन माणसं आली आणि त्यांना घेऊन गेली. चिठ्ठी कुणाची, हे गावाला माहीत होतं. गाव त्याच्याकडूनच खोकल्याचं औषध नेत होतं.

"व्होक्लेर त्यांना अगदी शेवटी सापडला," त्या म्हणाल्या होत्या. "त्याची सातही पुस्तकं एकदम मागवली."

आठवा हप्ता छापून आला तेव्हा श्रीपादने विचारलं होतं, "सांगणारीचं नाव म्हणून तुमचं नाव छापू?"

"नको. मला ह्याच गावात राहायचंय."

"मराठी इथं कोण वाचतंय?"

"तरी नको."

आता पंतांचं पत्र घेऊन तो वर गेला, तर दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, छातीत पाणी झालंय, सकाळीच क्रांकनहाउसमध्ये, इस्पितळात, नेलं. मग रोज संध्याकाळी तिथे जायचं नि तापात बरळणाऱ्या बाईपुढे बसून परत यायचं, असे तीन आठवडे गेले. सुधीर, त्याच्या प्रयोगशाळेतला मित्र, वैतागला.

"अरे, किल्ली शेजारणीकडे आहे ना? जा, फोटो काढ, ये. माझा कॅमेरा ने."

"विचारल्याशिवाय?"

"वा. उद्या पुण्यात लबाड म्हणून नाव छापून आलं की तेव्हा विचार."

रविवारी फ्राऊ लिंडनर शुद्धीवर होत्या. श्रीपादने पत्रातला मजकूर सांगितला. त्यांनी उशीवरची मान त्याच्याकडे वळवली.

"त्या पुण्याच्या बाईंना एवढं जहाल वाटलं?"

"हो."

त्या हसल्या. हसण्याने खोकला आला. "बरं तर, किल्ली घ्या. पुस्तकं आता तुमचीच. आणि टेबलावरची सुरी घ्या, लागेल."

श्रीपादला वाटलं, ताप पुन्हा चढला.

खोलीत तोच हलता उजेड होता. खुर्चीवर शाल पडली होती. ती अजून ऊबदार असेल असं त्याला उगाच वाटलं. त्याने फडताळातून रविवारचं ते पुस्तक खाली काढलं, खाकी कव्हर सोडवलं, कॅमेरा तयार ठेवला. कोटाचं प्रकरण मध्यावर असणार, म्हणून मध्ये उघडलं. पुढचं पान उलटलं. ते जाड होतं. त्याने अंगठ्याने चाचपलं. पान जाड नव्हतं. बरीच पानं एकाला एक चिकटल्यासारखी मिळून उलटत होती.

त्याने दुसरं पुस्तक काढलं. मग तिसरं. मग सातही खिडकीपाशी नेली आणि एकेक करून उजेडात धरली.

एकाही पुस्तकाची एकही कड कधी कापलेली नव्हती.