गुंडूची शिस्त

"महिनाअखेरपर्यंत वाट बघते, मास्तर," घरमालकीण वेणूबाई समोर उभ्या राहून म्हणाल्या. "तोवर ह्याचं भुंकणं थांबलं नाही, तर कुत्रं आवारात नको." बाईंचा आवाज जात्याच खणखणीत. गल्लीच्या तोंडाशी, पार सुभाष रोडवर ऐकू गेला असेल.

सुमंत मास्तरांनी मिशीला पीळ दिला. "महिना कशाला? पंधरा दिवस पुरेत."

चौतीस वर्षं त्यांनी धारवाडात शाळेतल्या पोरांना ड्रिल शिकवलं होतं. पटांगणावर त्यांचं पाऊल पडलं की सातशे पोरं चिडीचूप. तिथे चार महिन्यांच्या पॉमेरियन पिल्लाची काय कथा!

पिल्लाचं नाव गुंडू. मुलगी उत्तरा सत्त्याण्णवच्या दिवाळीत माहेरी आली, तेव्हा आईला सोबत म्हणून ठेवून गेली होती. दिसायला कापसाचा पुंजका, पण हट्टी इतका की मराठीत 'बस' म्हटलं तरी उभा आणि कन्नडमध्ये 'कुंद्रु' म्हटलं तरी उभाच. भुंकण्याच्या तक्रारीचं मात्र मास्तरांना नवल वाटलं. त्यांच्यासमोर तो एकदाही भुंकला नव्हता.

"मी फिरायला गेलो की त्याला कंठ फुटत असणार," ते बायकोला म्हणाले. "माझ्यापुढे त्याची छाती होत नाही."

कृष्णाबाई हल्ली कमीच बोलत. चाळीस वर्षं संसार झाला की बायका निवतात, असं मास्तरांचं मत होतं. गुंडूशी मात्र दिवसभर काहीबाही पुटपुटत असत. आता त्यांनी मास्तरांचा दंड धरला आणि अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "तो गेला तर मी बोलू कुणाशी?"

मास्तरांना ते लागलं. "मी आहे की," ते म्हणाले. पण काही झालं तरी गुंडू जाता कामा नये, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळचं फिरणं बंद केलं. संध्याकाळचा पत्त्यांचा अड्डाही सोडला. तसा तिथे रस उरलाच नव्हता, मंडळी आताशा तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती. चोवीस तास गुंडूवर नजर.

अडचण एकच, शिट्टीची. जुनी शिट्टी नुसती हवा सोडायची. सुभाष रोडवरून दोन नव्या आणल्या. दुकानदाराने स्वतः वाजवून दाखवल्या, मान डोलावली, पण घरी आणल्या तर त्याही फुसक्या. हल्ली वस्तूंत दमच राहिला नव्हता. स्वैपाकघरातल्या कुकरचंही तेच. परवा कृष्णाबाई देवळात गेल्या होत्या, मास्तर शेजारी पेपर वाचत बसले आणि भात करपून कोळसा झाला तरी शिट्टी म्हणून झाली नाही.

पण गंमत अशी की गुंडूला ती फुसकी शिट्टीही पुरायची. मास्तरांनी गाल फुगवून फुंकर मारली की पिल्लू चारी पाय रोवून, मान वर करून, ताठ. अगदी सावधान! मास्तर खूष होऊन त्याला लोणी लावलेला भाकरीचा तुकडा देत. दोन दिवसांत गुंडू शिट्टी न वाजवताही सावधान व्हायला लागला. दूधवाला आला की सावधान, पोस्टमन आला की सावधान. भुंकण्याचं नाव नाही. नुसता आ वासायचा आणि मिटायचा.

"बघितलंस? भाकरी मागतोय," मास्तर म्हणाले.

कृष्णाबाईंनी पदराने डोळे टिपले. आनंद झाला की त्यांचं असंच व्हायचं.

पंधराव्या दिवशी मास्तरांनी वेणूबाईंना स्वतःच बोलावून आणलं. इस्त्रीची पँट, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. बाई कपाळाला आठ्या घालून जिना उतरल्या. त्यांना पाहताच गुंडू उंबऱ्यात सावधान.

"हे काय, मास्तर?" वेणूबाई म्हणाल्या.

"यालाच शिस्त म्हणतात."

"तुम्ही माझी थट्टा करताय का?"

"थट्टा कसली? तुमच्या डोळ्यांदेखत आहे सगळं. पंधरा दिवस मी इथून हललो नाही. ह्या पठ्ठ्याने एकदा तरी तोंडातून आवाज काढला असेल, तर मी स्वतः त्याला उचलून हुबळीला सोडून येतो."

वेणूबाई काही तरी तोडून बोलणार होत्या. पण त्यांची नजर मास्तरांच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी कृष्णाबाईंकडे पाहिलं. कृष्णाबाईंनी हळूच हात जोडले.

वेणूबाईंच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्या मास्तरांच्या पुढ्यात आल्या आणि एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, "राहू दे कुत्रं. तुम्ही जिंकलात, मास्तर."

"मी म्हटलं नव्हतं?" मास्तर म्हणाले. त्यांनी गुंडूला भाकरीचा अख्खा चतकोर दिला, गळ्यातली शिट्टी काढली आणि ती खुंटीला अडकवायला पाठ वळवली.

वेणूबाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले आणि गुंडूच्या भुंकण्यावर आवाज चढवून विचारलं, "कधीपासनं हो, अक्का?"