चौदा पायऱ्या

शंतनूने अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या घरात खोलीखोलीत नेटची वायर नेली होती. वाय-फाय मात्र नव्हतं, आणि आई रत्नाबाईंच्या टॅबला वायर जोडता येत नव्हती. त्यामुळे नागपूरच्या मुलींना दहावीची भूमिती शिकवायला रत्नाबाई रोज सकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी चौदा पायऱ्या उतरून बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरपाशी जात.

ऑगस्ट: "वीकेंडला करतो, आई."

सप्टेंबर: "डेटा सेंटरमध्ये हजारो मशिन्स सांभाळतो गं मी. हे तर एवढंसं काम. वीकेंडला करतो."

ऑक्टोबर: "वीकेंडला करतो."

मंगळवारी तो कॉफी करायला किचनमध्ये आला, तर आई तिथेच बसून टॅबवर मुलींना वर्तुळ शिकवत होती. ओट्यावर त्याचाच जुना राउटर, भिंतीतल्या वायरला जोडलेला.

"हे कुणी केलं?"

"मी. घरातल्या मशिन्सना नेटवरचे पत्ते खालचा राउटर देतोच. एका वर्गावर दोन बाई कशाला? म्हणून याचं ते काम बंद केलं."

शंतनूने सेटिंग तपासलं. चूक सापडली नाही.

"पासवर्ड?"

"वीकेंडलाकरतो. मध्ये जागा सोडू नकोस."

आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो पासवर्ड शंतनू स्वतः सांगतो. पण त्याआधी सांगतो, "आईने लावलंय."