वरची खूण

अर्धांगाच्या झटक्यानंतर तीन महिने नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. "वाचा येईल, पण त्यांनी मनावर घेतलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले होते. आज तिनेच मनावर घेतलं. त्याची व्हीलचेअर गॅरेजमध्ये आणली आणि सवतीचं बॉनेट उघडलं. सवत म्हणजे त्याची जुनी स्पोर्ट्स कार. तिला हात लावायची बायकोलाही परवानगी नव्हती. गाडीखाली शिरून तिने काळं ऑइल काढलं, नवं ओतलं, ऑइल मोजायची डिपस्टिक पुसून बुडवली आणि त्याच्यासमोर धरली. ऑइल बरोबर वरच्या खुणेवर होतं. त्यापुढे थेंबही त्याला खपायचा नाही. "अजून घालू?" तिने त्याच्याकडे पाठ केली आणि कॅन पुन्हा इंजिनवर उलटा केला. खुर्ची करकरली. "बा… बास." "काय म्हणालात?" "बास म्हटलं ना." पूर्वीसारखाच खेकसला. तिने कॅन खाली ठेवला. तो मघापासून रिकामाच होता.