तिच्या वाट्याचा शब्द

ऑपरेशन थिएटरबाहेर नवरा पेपरातलं कोडं सोडवत बसला होता. नऊ इंग्रजी अक्षरं, त्यांतून जमतील तेवढे शब्द शोधायचे. तीस वर्षांचा घरचा नियम होता: छोटे शब्द त्याचे, नऊच्या नऊ अक्षरांचा मोठा शब्द बायकोचा. तिचं तासाभराचं ऑपरेशन तिसऱ्या तासात गेलं, तेव्हा घालमेलीत पेन्सिल आपसूक चालली आणि मोठा शब्द लिहून बसली. जणू ती परतणारच नाही, असं त्यानंच ठरवून टाकलं होतं. तो खोडरबर घासत सुटला. “बाबा, कागद फाटेल!” लेक म्हणाली. फाटलाच. तेवढ्यात नर्स बाहेर आली. मास्कआडचा चेहरा काही सांगेना. “शुद्धीवर आल्यात. विचारतायत, मोठा शब्द सापडला का?” त्यानं कागदाच्या भोकावर अंगठा दाबून धरला. “नाही म्हणावं. तीन तास डोकं खाजवलं, पण छे! तिच्याशिवाय कुठला सापडतोय!”