दुसरा डबा

"हिचं मूल कधी दिसलंय का कुणाला? दर रविवारी दोन डबे घेऊन जाते. बाहेरून यायचं आणि आपल्यालाच शेंडी लावायची," चर्चच्या मागच्या खोलीत पाव कापता कापता, फुकट जेवणाच्या रांगेतल्या एका निर्वासित पोरीकडे बघत खजिनदारांची बायको पुटपुटली.

"प्रभूने कुणाला असले प्रश्न विचारले नाहीत, वहिनी," सूप ढवळत पाळकीणबाई म्हणाल्या.

"प्रभूला पातेलं पुरवायचं नव्हतं."

बाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. सकाळच्या उपासनेत त्यांच्या नवऱ्याने परक्याला आसरा देण्यावर भरभरून प्रवचन दिलं होतं, पण सूपमध्ये तिसऱ्यांदा पाणी त्यांनाच घालावं लागलं होतं. रांग तर दाराबाहेर गेलेली. शेवटी सगळ्याजणींनी ठरवलं, मूल दाखवेल त्यालाच मुलाचा डबा. आणि ते सांगायचं काम नेहमीप्रमाणे बाईंच्याच गळ्यात पडलं.

त्या पोरीची पाळी आली. सगळ्यांना विचारतात तसंच बाईंनी विचारलं, "घरी किती जण?"

"दोघं. मी आणि माझा मुलगा."

"पुढच्या वेळी त्याला घेऊन ये हं, पोरी. तो दिसल्याशिवाय आता त्याचा डबा देता येणार नाही," बाई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या.

तिने भरलेला दुसरा डबा दोन्ही हातांनी हळूच मागे सरकवला.

 

"तो बोटीतून येतानाच बुडाला, बाई. पण तुम्ही 'घरी किती जण' विचारलंत की 'एकटीच' म्हणायला माझी जीभ वळत नाही."