लिंबाखालचं शेड

तासगावचे बेदाणा व्यापारी नाथाजी यांनी यंदा हिशोब संगणकावर घ्यायचं ठरवलं आणि ते काम त्यांच्या सुनेकडे, संयोगिताकडे आलं. माल कुठं ठेवलाय हे सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं, म्हणून ती एकेका शेडचं नाव विचारत होती.

"लिंबाखालचं. हिरवा बेदाणा, गच्च भरलंय," नाथाजी सवयीनं बोलून गेले. तिनंही तसंच भरून एंटर दाबलं.

मग दोघंही थबकली. ते शेड मागंच वादळात गेलं होतं.

"आवं मामा, काढून टाकते." पण नाव निघेना. आत माल शिल्लक आहे, असं पडद्यावर आलं.

तेवढ्यात खिडकीतून ताज्या बेदाण्याचा वास आला. दोघं बाहेर धावली.

भर उन्हात, लिंबाखालच्या मोकळ्या जागेत, मधमाश्या हवेतच बसल्या होत्या. ओळीनं, थरावर थर, बेदाणा वाळवायच्या जाळ्यांवर बसाव्यात तशा.

नाथाजींनी हात जोडले. पूर्वी शेडच्या दाराशी काढायचे तिथंच चपला काढल्या, वाकून पाऊल पुढं टाकलं आणि दिसेनासे झाले.

"मामा!"

पत्र्याखाली घुमावा तसा त्यांचा आवाज आला, "दार लोटून घे गं, माशा आत येत्यात."